रोजच्या वापराची लाल गाडी

"हिला छत नाही," अवधूत म्हणाला.

"आहे. बटण दाबलं की येतं," सुचित्रा म्हणाली.

"छत लावूनच फिरायचं असेल, तर मग साधी गाडी काय वाईट?"

"छत लावून फिरायचं नाहीये."

सावेडीतल्या खरवंडीकरांच्या घरात हे बोलणं महिनाभर चालू होतं. सकाळी चहाबरोबर सुरू व्हायचं आणि रात्री ओटा पुसून झाला तरी संपायचं नाही. सुचित्रा दातांची डॉक्टर. दवाखाना मिरजगावला, म्हणजे नगरहून रोज जाऊन-येऊन. लेक मनवा बालवाडीत होती तेव्हापासून ती हा रस्ता तुडवत होती आणि आता मनवा पुण्यात नोकरीलाही लागली होती. गेल्या महिन्यात जुनी गाडी रुईछत्तिशीच्या अलीकडे जी बसली, ती उठलीच नाही. नवी घेणं भाग होतं. अवधूत शाळेत भूगोल शिकवायचा. गाडी म्हणजे पांढरी, चार दारांची, डिकीत गव्हाचं पोतं मावेल अशी, याबद्दल त्याच्या मनात कधी शंका आली नव्हती. घरातल्या आजवरच्या सगळ्या गाड्या त्यानंच निवडल्या होत्या आणि सगळ्या पांढऱ्या होत्या.

फक्त मागची गाडी घेताना त्याच्या हातून एक चूक झाली. सुचित्राची कुरकुर थांबवायला तो म्हणून गेला, "पुढची तू निवड." तेव्हा पुढची गाडी फार लांब होती. आता ती स्टेशन रोडला नूरमहंमदभाईंच्या जुन्या गाड्यांच्या आवारात उभी होती. लाल, बुटकी, दोन दारांची, मागं नावापुरती दोन सीटं, आणि वरचं कापडी छत घडी होऊन मागं जाणारं. सुचित्रा पांढरी गाडी बघायला म्हणून गेली आणि हिच्याभोवती तीन चकरा मारून घरी आली.

शब्द दिलेला, त्यामुळे तोंडावर 'नाही' म्हणायची अवधूतची छाती नव्हती. महिनाभर "बघू", "विचार करू" करून झाल्यावर त्यानं एक युक्ती काढली. "एक दिवस रोजच्यासारखी वापरून बघू. मिरजगावला जाऊन यायचं. दिवसभरात एकही भानगड झाली नाही, तर घेऊ. एक जरी झाली, तर विषय बंद."

"मान्य," सुचित्रा म्हणाली.

मे महिन्यात, नगर-सोलापूर रस्त्यावर, उघड्या गाडीतून, आणि एकही भानगड नाही! अवधूतला त्या रात्री फार छान झोप लागली.

सकाळी नूरमहंमदभाईंनी चावी सुचित्राच्या हातात दिली. "बिनधास्त न्या, मॅडम. फक्त संध्याकाळी परत पाहिजे, उद्या संगमनेरचं गिऱ्हाईक येतंय बघायला. आणि सर, एक सांगून ठेवतो. लोक बघतील, बोलतील. आपण लक्ष द्यायचं नाही."

"ओरखडा वगैरे आला तर?" अवधूतनं विचारलं.

"नाही येणार," नूरमहंमदभाई म्हणाले. मग त्यांनी बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि जरा हळू म्हणाले, "येऊ देऊ नका."

सुचित्रानं डोक्याला, तोंडाला ओढणी गुंडाळली, वर काळा गॉगल चढवला आणि छत उघडून गाडी काढली. शेजारी अवधूत भानगडीची वाट बघत बसला. पहिल्याच स्पीडब्रेकरला खालून खर्र आवाज आला.

"लागलं!" तो म्हणाला.

"सगळ्यांनाच लागतं तिथं," ओढणीआडून उत्तर आलं.

वाळुंजच्या पुढं उसाची ट्रॉली लागली. वरचं एक टिपरू सुटून लोंबत होतं आणि बरोबर अवधूतच्या डोक्यावर हेलकावे खात होतं. ते पडावं असंही त्याला वाटत होतं आणि पडू नये असंही. ट्रॉली मागं पडली तर शेजारून एसटी आली. खिडकीत एक गृहस्थ गाल फुगवून तंबाखू चघळत खाली बघत होते. उघड्या गाडीत बसलेल्या माणसाला त्या गालापलीकडे जगात काही दिसत नाही. "पुढं काढ, पुढं काढ," अवधूत पुटपुटत होता. गृहस्थांनी बराच वेळ गाडी निरखली, मग विचार करून मान दुसरीकडे वळवली आणि पलीकडच्या खिडकीकडे गेले. अवधूत वाचला. भानगड म्हणून ती अगदी वादातीत झाली असती, पण शर्ट त्याचाच होता.

मिरजगाव येईपर्यंत असं चाललं. ऊन डोक्यात शिरत होतं, धूळ दाताखाली कचकचत होती, पण ज्याला भानगड म्हणता येईल असं काहीच घडलं नाही. त्या स्पीडब्रेकरनंतर सुचित्रा एक शब्द बोलली नव्हती. दवाखान्यासमोरच्या कडुलिंबाखाली तिनं गाडी लावली आणि चावी अवधूतकडे दिली. "मला दुपारपर्यंत वर मान करता येणार नाही. तू गाडीपाशीच थांब." ती जिना चढून गेली.

अवधूत थांबला. येणारा-जाणाराही थांबू लागला. "शूटिंग हाय का, सर?" "वरचं टप कुठं पाडलं?" "पाऊस आला तर बादली ठिवता का?" दवाखान्यात सुचित्राच्या हाताखाली काम करणाऱ्या बनुबाई मुद्दाम खाली येऊन गाडीभोवती फिरल्या आणि म्हणाल्या, "चांगली हाय. पन अर्धीच घेतली का?" अवधूत सगळ्यांकडे बघून हसला. मग ऊन कडुलिंबालाही जुमानेना, तेव्हा तो शेजारच्या रसवंतीत गेला.

रसाचा ग्लास संपवून बाहेर येतो, तर लाल गाडीच्या बॉनेटवर झेंडूची ही जाड माळ पडलेली, आणि एक फेटेवाले गृहस्थ खाली वाकून तिचं टोक नंबरप्लेटला बांधतायत.

"अहो, अहो! काय चाललंय हे?"

गृहस्थांनी वर बघितलं. फेटा घामानं भिजला होता, नेहरू शर्टवर हळदीचे डाग होते. "तुमी डायवर का?"

"मी गाडीचा... म्हणजे गाडी माझी नाही, पण—"

"तुमची न्हाई ना? मग झालं." त्यांनी गाठ मारली.

खरं बोलायची सवय माणसाला कुठं नेऊन सोडते याचा अवधूतला असा अनुभव पूर्वी नव्हता. तो आवाज चढवून म्हणाला, "आमच्या ताब्यात आहे गाडी! माळ काढा आधी!"

त्याबरोबर गृहस्थांनी त्याचा हात धरला आणि झाडाच्या बुंध्याआड नेलं. "साहेब, हळू बोला. पाया पडतो तुमच्या. मी मच्छिंद्र. आज माझ्या पोरीचं लगीन हाय, निकिताचं. नवरदेव तिकडं मारुतीला बसलाय. बैठकीत ठरल्तं, मारुतीवरून कार्यालयापर्यंत उघड्या गाडीतून आनायचं. कर्जतहून जीप सांगितली हुती, ती वाटंत बंद पडली. व्याही म्हनले, उघडी गाडी येईस्तोवर पोरगं पायरीवरून उठनार न्हाई. आख्खी वरात ताटकळलीया. पोरीची आई रडतीया. अन् तेवढ्यात व्याह्यांना देवळातून ही गाडी दिसली."

"मग?"

"पसंत पडली."

अवधूतनं देवळाकडे बघितलं. पारावर जरीचा फेटा घातलेले एक जाडजूड गृहस्थ बसले होते. त्यांनी तिथून अवधूतला हात वर करून दाखवला. तेच व्याही, रंगनाथराव. चेहऱ्यावर समाधान होतं.

"आता ही गाडी नवरदेवाला न घेता इथून हालली, तर लगीन मोडलं बघा," मच्छिंद्र म्हणाले.

अवधूतनं वर दवाखान्याकडे पाहिलं, सुचित्राला फोन लावला. उचलला नाही. तिच्या दोन्ही हातांत कुणाचा तरी जबडा असणार. त्याच्या मनात एक क्षण आनंदाची उकळी फुटली, की आली, भानगड आली, अशी की जिच्यावर कुणाला वाद घालता येणार नाही. दुसऱ्याच क्षणी त्याला नूरमहंमदभाईंचा बॉनेटवरून फिरणारा हात आठवला. पण समोर एक बाप उभा होता, आणि देवळापासून कार्यालय काही लांब नव्हतं.

"मी चालवीन," तो म्हणाला. "चावी कुणाला देणार नाही. आणि गाडीवर कुणी चढायचं नाही."

"न्हाई चढनार. साहेब, फक्त एक करा. व्याह्यांना भाड्याची गाडी चालत न्हाई. घरची गाडी हाय, असं म्हना."

"कुणाच्या घरची?"

"ते कोन इचारतंय?"

गाडी देवळापाशी गेली. नवरदेव मुंडावळ्या सावरत उठला, हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू. मागच्या सीटवर पाय ठेवून तो घडी केलेल्या छतावर बसला. त्याच्या पायाशी दोन करवल्या कलश घेऊन दाटीवाटीनं शिरल्या. 'कुणी चढायचं नाही' यात नवरदेव आणि करवल्या धरायच्या की नाहीत, हे अवधूतनं आधी ठरवून घेतलं नव्हतं. रंगनाथराव जवळ आले, दारावर थाप मारून म्हणाले, "गाडी घरचीच ना?"

"घरचीच," मच्छिंद्र म्हणाले.

रंगनाथरावांनी अवधूतकडे पाहिलं. अवधूतनं मान हलवली. रंगनाथरावांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, ते मात्र त्याला कळलं नाही.

बँजो सुरू झाला आणि वरात हलली. हलली म्हणजे काय, चार पावलं पुढं, दोन मागं. पुढं पोरं नाचत होती. त्यांतली दोन नाचता नाचता बॉनेटवर रेलायची. "ए, घड्याळ काढ! घड्याळ घासतंय!" तो ओरडायचा. त्यांना वाटायचं, डायवर रंगात आला. कुणीतरी फेसाचा फवारा सोडला, तो त्याच्या चष्म्यावर आला. मागून नवरदेवाची कट्यार दर ठेक्याला त्याच्या कानाजवळून जात होती. या सगळ्यातून त्याची नजर एका काट्यावर खिळली होती. इंजिनच्या उष्णतेचा काटा. मुंगीच्या पावलानं गाडी चालली होती, वर मे महिना, आणि काटा हळूहळू तांबड्या रेघेकडे सरकत होता. तो रेघेला टेकला तर गाडी भर रस्त्यात बंद पडणार, आज या लग्नात बंद पडलेली ती दुसरी गाडी ठरणार, आणि मग रंगनाथराव काय करतील ते करतील.

दवाखान्यासमोर आल्यावर बनुबाई गॅलरीत उभ्या होत्या. त्यांनी एकदा बघितलं, डोळे चोळून पुन्हा बघितलं आणि आत वळून ओरडल्या, "डॉक्टरबाई, सर नवरदेव घिऊन चाललेत!" आतून काही उत्तर आलं का, ते बँजोत ऐकू आलं नाही.

काटा रेघेला टेकता टेकता कार्यालयाची कमान आली. अवधूतनं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. संपलं, असं त्याला वाटलं. सुवासिनी आरतीचं ताट घेऊन पुढं आल्या. तेवढ्यात रंगनाथरावांनी हात वर करून बँजो थांबवला.

"फोटोवाला कुठाय? हां. आता चावी द्या नवरदेवाच्या हातात."

"चावी?" अवधूतनं मान उचलली.

"आमी मागितली न्हवती हां," रंगनाथराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बैठकीत गाडीचा शब्द काढला न्हाई. पन मच्छिंद्ररावांनी जावयाला घरची गाडी दिलीच हाय, तर न्हाई कसं म्हनायचं? द्या, चारचौघांत द्या."

मच्छिंद्ररावांचा चेहरा पांढराफटक पडला. 'दिली' म्हणावं तर गाडी त्यांची नाही, आणि 'दिली नाही' म्हणावं तर भर मांडवात व्याह्यांच्या हातातून काढून घेतल्यासारखं होतं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. "गाडी दिली म्हनं." "लाल." "परदेशी हाय."

कुजबुज मांडवातून आत गेली आणि आतून नवरी बाहेर आली. शालू, मुंडावळ्या, हातभर हिरवा चुडा, आणि मागून "अगं थांब, अगं असं येऊ नये" म्हणत धावणाऱ्या तिच्या मावशा. निकिता नगरला एका लॅबमध्ये नोकरी करायची, आणि कुणाला घाबरायची तिला सवय नव्हती.

"आप्पा, ही गाडी तुमी दिली?"

"न्हाई गं बाई... म्हंजे..."

"मग कोनी दिली?" ती नवरदेवाकडे वळली. "काही घ्यायचं न्हाई, असं आपलं बोलणं झालं होतं ना? एक चमचा पन न्हाई. गाडी लागत असंल तर आत्ता सांगा. मी मुंडावळ्या सोडते."

"मला तर भाड्याची वाटली," नवरदेव छतावरून म्हणाला. कट्यारीचं लिंबू खाली आलं होतं. "मला कोनी काही सांगितलंच न्हाई."

"तू गप बस," रंगनाथराव म्हणाले. "मच्छिंद्रराव, आता तुमीच बोला. गाडी कोनाची?"

मच्छिंद्ररावांनी अवधूतकडे बघितलं. मग रंगनाथरावांनी बघितलं, निकितानं बघितलं, मावशांनी बघितलं, आणि बँजोवाल्यांनीही बघितलं. अवधूतला वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहायची सवय होती. एवढी माणसं त्याच्याकडे कधी बघत नसत. गाडी नूरमहंमदभाईंची, असं म्हणावं तर ती भाड्याची ठरणार आणि मच्छिंद्रराव खोटे. गप्प राहावं तर ती पोरगी मुंडावळ्या सोडणार, तिचा हात गाठीपर्यंत गेलाच होता. तो उठून उभा राहिला.

"गाडी माझ्या बायकोची आहे," तो म्हणाला.

निकिताचा हात गाठीवरच थांबला.

"डॉक्टर सुचित्रा खरवंडीकर. त्या कडुलिंबासमोरच्या दवाखान्यातल्या. ही तिची रोजची गाडी. मच्छिंद्ररावांशी आमचे घरचे संबंध. निकिताचं लग्न, म्हणून म्हटलं, नवरदेवाला आमच्या घरच्या गाडीतून आणावं, आणि चालवायलाही घरचंच माणूस असावं. द्यायचा-घ्यायचा प्रश्नच नाही. हा मान आहे."

रंगनाथरावांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "म्हंजे तुमी डॉक्टरबाईंचे मिस्टर? स्वतः?"

"स्वतः."

"अन् बाई रोज ह्याच्यातून येनार? अशा उघड्या?"

इथं नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा बोलायला लागलेल्या माणसाला कुठं थांबायचं ते कळत नाही, आणि अवधूतला तर सवयच नव्हती.

"रोज येणार. उघड्याच. अहो, लग्न झाल्यापासून तिनं माझ्या पसंतीच्या गाड्या चालवल्या. सगळ्या पांढऱ्या. एकदाही मी तिला विचारलं नाही, तुला कुठली आवडते. या रस्त्यानं उन्हापावसात रोज ती जाते-येते, मी नाही. ही तिच्या पसंतीची आहे. तिला आवडली, म्हणून घेतली. बस."

मग गर्दीच्या मागं त्याला पांढरा एप्रन दिसला. सुचित्रा उभी होती. हातात काढलेले रबरी मोजे, शेजारी बनुबाई, आणि मागं अर्धं तोंड बधिर झालेला एक पेशंट. तिनं सगळं ऐकलं होतं.

रंगनाथरावांची छाती मात्र फुगत चालली होती. भाड्याची जीप कुणालाही मिळते. डॉक्टरबाईंच्या मिस्टरांनी स्वतः गाडी हाकून नवरदेव आणला, हे आजवर त्यांच्या भावकीत कुणाच्या नशिबी आलं नव्हतं. "अरे, मग आधी न्हाई का सांगायचं!" ते गरजले. "फेटा आना रे सरांना! बाईंची ओटी भरा! अन् सूनबाई, तुझ्या मुंडावळ्या नीट बांध, मुहूर्त टळतोय!"

निकितानं गाठीवरचा हात काढला. आत जाता जाता ती अवधूतपाशी थांबली, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "काका, लई मोठं काम केलं तुमी." कधीही न पाहिलेल्या मुलीनं त्याला काका म्हटलं होतं. त्यानं पाकिटातून नोट काढून तिच्या हातात ठेवली.

लग्न लागलं. खरवंडीकर नवरा-बायको पहिल्या पंगतीला, अवधूतच्या डोक्यावर तुऱ्याचा फेटा, सुचित्राच्या ओटीत नारळ. बुंदी वाढायला स्वतः मच्छिंद्रराव आले. हात आडवा धरला तरी वाढतच राहिले. निघताना रंगनाथराव म्हणाले, "बाई, आमचं गाव तुमच्या रस्त्यावरच हाय. सकाळी जाताना हॉर्न वाजवत जावा. सूनबाईला अन् भावकीला दावीन, ही बघा ती गाडी."

"नक्की," सुचित्रा हसून म्हणाली.

सगळं आटोपून दोघं कडुलिंबाखाली आली, तेव्हा उन्हं उतरली होती. सीटवर अक्षता, पायाशी झेंडू, आरशाला वाळलेला फेस. अवधूतनं रुमालानं बॉनेट पुसलं. आश्चर्य म्हणजे ओरखडा नव्हता. त्यानं घसा खाकरला.

"सुचित्रा, भानगड झाली. माझ्या अटीप्रमाणं विषय बंद व्हायला पाहिजे. पण मला अट नको. मी बोललो ते लोकांसाठी नव्हतं. आपण ही गाडी घेऊ."

सुचित्रा गाडीत बसली, गुडघ्यावर हात ठेवून समोर बघत राहिली. आता कुठं अवधूतनं तिचा चेहरा नीट पाहिला. गॉगलच्या जागी दोन पांढरी वर्तुळं आणि ओढणीबाहेर राहिलेलं कपाळ-नाक उन्हानं लालबुंद.

"मला नकोय ही गाडी," ती म्हणाली.

"काय?"

"सकाळी रुईछत्तिशीलाच ठरवलं मी. घशात धूळ, मानेला उसण, शेजारून ट्रक गेला की वाटतं, चाक आपल्या मांडीवरून जातंय. पहिल्या पेशंटचा दात काढताना माझे हात थरथरत होते. बिचाऱ्याला वाटलं, दात अवघड आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? तू नाही म्हणणारच होतास." ती त्याच्याकडे वळली. तिला रडू येत होतं की हसू, ते तिलाही ठरवता येत नव्हतं. "अवधूत, तू आजपर्यंत कुठल्या गोष्टीला एकदम हो म्हटलंयस? त्याच भरवशावर तर महिनाभर हट्ट धरला मी. माझी हौस फिटली असती, नाही तू म्हटलं असतंस, आणि जन्मभर मला ऐकवायला झालं असतं, की यांनी माझी लाल गाडी घेऊ दिली नाही. अगदी बेताप्रमाणं चाललं होतं सगळं. आणि तू आख्ख्या मिरजगावासमोर..." तिनं ओढणीच्या टोकानं डोळे टिपले. "पण इतकं चांगलं बोललास. तसं कधी घरी तरी बोलायचंस."

अवधूत तिच्या शेजारी येऊन बसला.

"मग नको घ्यायला," तो म्हणाला. "सांगू, विकली म्हणून."

"आणि उद्या हॉर्न वाजला नाही, तर रंगनाथराव काय म्हणतील? गाडी भाड्याची होती, मच्छिंद्ररावांनी फसवलं, डॉक्टरबाईही सामील. ऐकून कुणाला घ्यावं लागेल? त्या पोरीला. पहिल्याच दिवशी."

फोन वाजला. नूरमहंमदभाई होते. दोघांनी तो एकमेकांपुढं सरकवला. शेवटी सुचित्रानं उचलला.

"मॅडम, काय ठरलं मग? संगमनेरवाले थांबलेत उत्तराला."

सुचित्रानं नवऱ्याकडे बघितलं. फेटा त्यानं अजून काढला नव्हता.

"घेतोय आम्ही," ती म्हणाली. "दोघांनाही फार आवडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथरावांच्या गावाजवळ लाल गाडीचा वेग कमी झाला. रस्त्याकडेला सगळी भावकी उभी होती. मधोमध रंगनाथराव, त्यांच्या मागं डोक्यावरून पदर घेतलेली निकिता, आणि तिच्या शेजारी तिचा नवरा. सुचित्रानं हॉर्न वाजवला. निकितानं हात हलवला. ती इतकी आनंदात दिसत होती की अवधूतचे डोळे भरून आले. ते धुळीमुळे असावेत असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"बघा, बघा! म्हनलो न्हवतो मी?" रंगनाथराव भावकीला सांगत होते. "रोजची गाडी हाय बाईंची!"

"हस," सुचित्रा ओठ न हलवता म्हणाली. "दात दिसू देत."

"पावसाळ्यात तरी छत लावू ना गं?"

"पावसाळा लांब आहे. आत्ता हस."